रेस दिली की डेक रडतो

वाचकाचं पत्र: 'माझी 2017 ची डिझेल गाडी आहे. घर मालवणजवळच्या देवबागला. मे महिन्यात गाणी लावायचा नवा डेक, डिकीत चार चॅनेलचा अँप्लिफायर आणि एक सबवूफर बसवून घेतला. पाऊसभर झकास वाजलं. चतुर्थीच्या तोंडावर कुईं असा बारीक आवाज यायला लागला. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून लावलं तर काही नाही. इंजिन चालू केलं की शिटी, आणि रेस दिली की शिटी चढत जाते. डेकचा आवाज लहान-मोठा केला तरी ती तेवढीच राहते. डबलबारीच्या भजनात बुवा आलाप घेतात, तेव्हा अगदी नको होतं. ज्यांनी बसवलं त्यांनी 900 रुपयांचा फिल्टर लावला, फरक शून्य. आता ते म्हणतात डेकपासून अँप्लिफायरपर्यंत गाणं नेणारी आरसीए वायर बदला, ओळखीचा मेकॅनिक म्हणतो डायनमो गेला, भाऊ म्हणतो सगळं काढून टाक. सबवूफर वाजला की मागे काहीतरी खर्रर्र पण करतं. दर रविवारी कणकवलीला बहिणीकडे मासे पोचवतो, दीडेक तासाचा रस्ता, त्यामुळे गाणी लागतातच. काय करू?'

दादा, तुमच्या पत्रात निदान जवळजवळ झालेलं आहे. फक्त ते तुम्ही बहिणीला मासे पोचवायच्या वाक्यात ठेवलंत.

मासे कुठे ठेवता? डिकीतच ना? थर्माकोलच्या पेटीत, बर्फ घालून. आणि अँप्लिफायरही डिकीत. आता तारखा जुळवून बघा. मे महिन्यात काम झालं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने तुमची डिकी कोरडी. ऑगस्टात होड्या समुद्रात गेल्या, तुमची पेटी डिकीत आली, आणि चतुर्थीला शिटी सुरू झाली. मी पैज लावणारा माणूस नाही, पण तुमच्या गाडीचा माझा पहिला संशय डायनमोवर नाही, आरसीएवरही नाही. मॅटखाली ज्या बोल्टाला अँप्लिफायरची मायनसची वायर आवळली आहे, त्या बोल्टावर आहे.

तरी नुसत्या संशयावर पाना उचलायचा नाही. आधी आवाज काय सांगतो ते बघू, कारण तुम्ही तो चांगला ऐकला आहे.

रेसबरोबर चढणारी शिटी अल्टरनेटरची असते. आपल्याकडे अजून डायनमोच म्हणतात, चालेल. त्याच्या आत तीन फेजची एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज तयार होते आणि विजेला एकाच दिशेने सोडणारे डायोड तिची डीसी करतात. ती डीसी काही तळ्याच्या पाण्यासारखी सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. ढोबळ हिशेब असा : इंजिन मिनिटाला 800 फेरे फिरतंय, पुलीमुळे डायनमो अडीचपट, म्हणजे 2000. सेकंदाला झाले 33. आत चुंबकाच्या सहा जोड्या धरल्या तर 200 आवर्तनं, आणि दर आवर्तनात सहा लाटा, म्हणजे 1200 हर्ट्झ. तुम्ही रेस देऊन इंजिन 2000 वर नेलंत की तीच शिटी 3000 हर्ट्झला पोचते. माणसाचा कान नेमका 2000 ते 5000 च्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. म्हणून आवाज बारीक असूनही कुसळासारखा टोचतो.

या लाटा प्रत्येक गाडीत असतात, माझ्याही. तेव्हा शिटी 'तयार' कुठे होते हा प्रश्नच नाही. ती गाण्याच्या वायरीत शिरते कुठून, एवढंच शोधायचं आहे. डायनमो बदला म्हणणाऱ्या मेकॅनिकची गल्लत इथे होते. उगम बरोबर सांगितला, पण फुटलेला बांध दाखवला नाही.

दुसरी खूण तुमच्या 'आवाज लहान-मोठा केला तरी ती तेवढीच राहते' या वाक्यात आहे. शिटी डेकच्या आत, आवाजाच्या बटणाच्या आधी शिरत असती, तर बटण फिरवल्यावर गाण्याबरोबर तीही कमी-जास्त झाली असती. तसं होत नाही, म्हणजे ती बटणानंतर शिरतेय. आरसीए वायर, अँप्लिफायर किंवा त्याची अर्थिंग (मायनसची पत्र्याशी जोडणी), यांपैकी कुठेतरी. अर्धी गाडी इथेच सुटली.

आणि गाडी डिझेल आहे, त्यामुळे स्पार्क प्लगचा प्रश्नच नाही. पेट्रोल गाडीत रेसबरोबर जोरात होणारी टिकटिक आली तर प्लग आणि प्लगच्या वायरी बघतात. मीडियम वेव्हवर आकाशवाणी रत्नागिरी लावणाऱ्यांना ती टिकटिक ओळखीची असेल. तुम्हाला ते सोडून द्यायला हरकत नाही.

आता बोल्ट. अँप्लिफायरला प्लसची जाड वायर बॅटरीपासून येते, मायनस मात्र जवळच्या पत्र्याला आवळतात. गाडीचा पत्रा हीच परतीची वाट. डेकचंही तसंच, त्याची मायनस डॅशबोर्डमागे कुठेतरी. म्हणजे एकाच गाडीत दोन ठिकाणी अर्थ झाली, आणि ती दोन ठिकाणं आरसीएच्या बाहेरच्या जाळीने एकमेकांना जोडलेली, म्हणजे एक वेढाच झाला. दोन्ही अर्थ चांगल्या असतील तर काही बिघडत नाही. पण मागच्या बोल्टाला गंज चढला, समजा 0.01 ओहमचा अडथळा आला, आणि अँप्लिफायर 20 अँपिअर ओढतोय, तर तिथे 0.2 व्होल्ट उभे राहतात. आकडा लहान वाटेल, पण आरसीएमधून गाणं जातं तेच मुळात दोन-चार व्होल्टांच्या आत, आणि बुवांचा हळू आलाप चालू असतो तेव्हा त्यातल्या काही मिलिव्होल्टांवर. त्यापुढे 0.2 म्हणजे पूर.

पाट तुंबला की पाणी बांध फोडून शेजारच्या भाताच्या कुणग्यात घुसतं, तसं हे आहे. अँप्लिफायरच्या करंटला बोल्टातून नीट जाता येईना, म्हणून त्यातला थोडा आरसीएच्या जाळीतून पुढे डेकच्या अर्थकडे निघाला. जाताना डायनमोच्या लाटा बरोबर घेऊन गेला. ही जाळी करंट वाहायला केलेलीच नसते. असंच बरेच दिवस चालू राहिलं तर डेकच्या आतली आरसीएची नाजूक अर्थपट्टी जळू शकते, आणि मग मात्र खरोखर खर्च निघतो. म्हणून दसऱ्यानंतर बघू म्हणून टाळू नका.

तपासायला 300-400 रुपयांचा मल्टिमीटर आणि पाचेक मीटर साधी वायर लागेल. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. मीटर डीसी 2 व्होल्टवर. काळी पिन लांब वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला. लाल पिन आधी अँप्लिफायरच्या मायनसच्या स्क्रूला लावा. 0.1 च्या खाली दाखवलं तर तुमचा बोल्ट निर्दोष आणि मी खोटा ठरलो. 0.3, 0.5 असं काही दाखवलं तर पिन पुढे सरकवत जा : थिंबलला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याला लावा, मग बोल्टाच्या डोक्याला, मग शेजारचा रंग टोकाने खरवडून नुसत्या पत्र्याला. आकडा जिथे एकदम खाली पडेल, दोष त्याच्या आणि त्याआधीच्या जागेच्या मध्ये आहे. स्क्रू ते थिंबल पडला तर वायर खराब, थिंबल ते पत्रा पडला तर गंज. पत्र्यावर आल्यावरही आकडा मोठाच राहिला तर बोनेटमध्ये जायचं, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी पट्टी बघायची. आपल्याकडे ती विणलेली पट्टी वरून साबूत दिसते आणि हातात घेतली की भुगा होते.

मीटर नसेल तर दुसरी युक्ती आहे, थोडी ढोबळ. मोबाइल चार्जिंगला न लावता, 3.5 मिलिमीटर ते आरसीए अशी वायर घेऊन थेट अँप्लिफायरमध्ये गाणं द्या. डेकच्या आरसीए काढून ठेवा, पण काढताना सगळं बंद करून. शिटी राहिली तर दोष अँप्लिफायर आणि त्याच्या पॉवरच्या वायरींतच आहे. शिटी गेली तर बरेच जण इथे घाईने म्हणतात, 'म्हणजे डेक खराब.' तसं नाही हो. मोबाइलला गाडीची अर्थच नाही, त्यामुळे तो सगळा वेढा तुटला, म्हणून शिटी गेली. बोल्ट अजूनही आरोपीच आहे.

मीटर हातात आहेच तर डायनमोचंही एकदा बघून घ्या, म्हणजे मेकॅनिकला उत्तर देता येईल. बॅटरीच्या दोन टोकांना डीसीवर इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास आणि चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवं. मग मीटर एसीवर करा. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. 0.1 च्या खाली असेल तर डायोड ठीक. 0.5 च्या वर गेलं तर आतला एखादा डायोड गेलाय, मग मेकॅनिक बरोबर. एक मात्र सांभाळा : स्वस्त मीटर एसीवर ठेवून बॅटरीला लावला की कधीकधी 28 असा भलताच आकडा दाखवतो आणि पिना उलट्या केल्या की शून्य. तो मीटरचा वेडेपणा, गाडीचा नाही. असा मीटर या कामाला उपयोगाचा नाही. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनमो बघणारे' अजून आहेत. त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. व्होल्टेजचा जो झटका बसतो त्यात डेकच काय, गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो.

आता मॅट उचला. इथे जरा वेळ घ्या, कारण तुमचं सगळं काम या टीचभर जागेत आहे.

बहुधा असं दिसेल. मॅटच्या खालच्या बाजूला ओल, माशाचा वास, आणि पत्र्यावर मिठाची पांढरी कड, ओहोटीनंतर खडकावर राहते तशी. अर्थसाठी सीटचा किंवा सीटबेल्टचा मूळ बोल्टच उधार घेतलेला असेल, कारण नवं भोक पाडायला वेळ लागतो. त्या बोल्टांवर रंग असतो, आट्यांना लॉकचं औषध असतं, चांगली अर्थ तिथे मिळत नाही. मे महिन्यात आवळलं तेव्हा कसाबसा संपर्क आला असेल, तेवढ्यावर पाऊसभर निभावलं. मग ऑगस्टात बर्फाचं पाणी खाली उतरलं. थिंबलवर हिरवं चढलेलं असेल. थिंबलमध्ये शिरणारी वायर ब्लेडने हलकी खरवडून बघा. आत तांबं लालच राहिलं तर वायर चांगली. वर तांबूस आणि आत चंदेरी निघालं तर ती अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर. तयार किटमध्ये हीच असते बऱ्याचदा. तांबं, अल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि अल्युमिनियम पिठासारखं पांढरं होऊन गळायला लागतं. कोल्हापुरात ती वायर दहा वर्षं टिकेल. देवबागला, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, तिथे ती घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्ती अशी करा. आधी बॅटरीचं मायनस काढा. मॅट आणि पत्रा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून उन्हात पूर्ण वाळू द्या. मीठ राहिलं तर वर काहीही केलं तरी गंज परत येतो. अँप्लिफायरपासून दीड फुटाच्या आत जाड पत्र्यावर जागा निवडा. खाली डिझेलची टाकी, पाइप किंवा वायरी नाहीत हे गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. रुपयाएवढी जागा काचपेपरने चकाकेपर्यंत घासा. वायर शुद्ध तांब्याची, प्लसची आहे तेवढीच जाड. थिंबल क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबून घ्या, हातोडीने चेपून नव्हे. वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. मग बोल्ट, दातेरी वॉशर, थिंबल पत्र्याला थेट टेकलेलं, मागून नट, आणि कचकचीत आवळणी. रंग किंवा व्हॅसलीन सगळं आवळून झाल्यावर बाहेरून लावायचं. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बाजूच्या एका गाडीचं मी हे उलट केलं होतं, उत्साहात आधी ग्रीस चोपडलं आणि मग आवळलं, तर महिन्याभरात ती गाडी पुन्हा दारात. चूक माझीच होती, पैसे घेतले नाहीत.

एवढं करून पुन्हा मीटर लावा. 0.1 च्या खाली आलं की डेक लावून रेस द्या.

बोल्ट चकाचक झाला आणि शिटी उरलीच, तर डेकच्या मागची काळी वायर बघा. ती बऱ्याचदा डॅशबोर्डमागच्या कुठल्यातरी स्क्रूला गुंडाळलेली असते. एक लांब वायर डेकच्या मायनसपासून थेट अँप्लिफायरच्या नव्या बोल्टापर्यंत तात्पुरती ओढा. शिटी गेली तर पुढची अर्थ नीट करायची. त्यानंतर आरसीए. नवी विकत घेण्याआधी कोणाची तरी उसनी आणा आणि ती कार्पेटखालून न नेता सीटांवरून उघडीच टाकून बघा. फरक पडला तर खुशाल बदला. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी हे खरंच आहे, पण तुमची वायर जूनमध्ये आहे तिथेच होती आणि गप्प होती. तिच्यावर माझा फारसा राग नाही.

हे सगळं सांगणारा मी स्वतः एकदा माझ्याच गाडीत दोन दिवस शिटी शोधत होतो. डेक उतरवला, आरसीए बदलली, बायकोचे टोमणे ऐकले. शेवटी मुलाने मोबाइल चार्जरवरून काढला आणि गाडी शांत झाली. लायटरच्या सॉकेटातला स्वस्त चार्जर आणि तोच मोबाइल ऑक्स वायरने डेकला, हा पण अर्थचाच वेढा. तुम्ही तसं लावत असाल तर कुठलाही पाना उचलण्याआधी चार्जर उपटून बघा. दोन सेकंदांचं काम आहे. तुमच्या बाबतीत आवाजाच्या बटणावरून ते कारण वाटत नाही, तरी बघा.

900 रुपयांचा फिल्टर. प्लसच्या वायरीवर लावलेला असेल तर तो मायनसमधून येणाऱ्या पाण्याला अडवणार कसा? काढून टाका. आरसीएवर लावायचा, दोन्हीकडची अर्थ वेगळी करणारा आयसोलेटर मिळतो, त्याने शिटी जाते हे खरं, पण आतल्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये खालचा आवाजही थोडा मरतो, म्हणजे पखवाजाचा धुम् आधी जाणार. आणि बोल्ट गंजतच राहणार. सगळं तपासून हात टेकले तरच तो.

अँप्लिफायरचा गेन बघा. तो आवाज वाढवायचा खटका नव्हे, डेकचा सिग्नल आणि अँप्लिफायर यांचा मेळ घालायचा आहे. बसवणारे तो हौसेने पूर्ण फिरवून ठेवतात, मग गाणं थांबलं की सूं असा वाऱ्यासारखा आवाज येतो आणि उरलीसुरली शिटीही मोठी होते. डेक तीन चतुर्थांश आवाजावर ठेवा, गेन शून्यापासून वाढवत जा, गाणं फाटायला लागलं की थोडा मागे.

मागची खर्रर्र विजेची नाहीच. सबवूफर वाजत असताना कोणाला तरी मागे उभं करा आणि नंबरप्लेट, डिकीचं लॉक, पार्सल ट्रे, जॅकचा पाना यांवर एकेक करून हात दाबायला सांगा. नंबरप्लेटच निघण्याची शक्यता जास्त. मागे फोमच्या टेपचे दोन तुकडे चिकटवा, झालं.

आता माशांचं. बहिणीला मासे नेऊ नका असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही. थर्माकोलची पेटी कितीही चिकटपट्ट्या लावल्या तरी गळते. ती कडा असलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, ट्रे अँप्लिफायरच्या विरुद्ध बाजूला, आणि कणकवलीला पोचल्यावर ट्रेमधलं पाणी ओतूनच परतीला निघा. अँप्लिफायर जमिनीवर स्क्रूने ठोकलेला असेल तर त्याला मागच्या सीटच्या पाठीवर प्लायच्या तुकड्यावर उचलून घ्या. मग पेटी कलंडली तरी चालेल.

लाल पिन पहिल्यांदा स्क्रूला लावल्यावर आलेला आकडा, पत्र्यावरचा आकडा आणि बॅटरीचा एसी आकडा, हे तीन मला कळवा. शिटी उरली तर पुढचं त्यावरून सांगतो.